शुक्रवारी वाचणारी मुलगी

बारावीत मी रसायनशास्त्रात नापास झालो, त्याच वर्षी आमच्या घरातला स्वयंपाक माझ्याकडे आला. या दोन गोष्टींचा तसा एकमेकींशी संबंध नव्हता. ऐन थंडीत आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. नाना कचेरीत कारकून, त्यांना चहासुद्धा धड जमत नसे. बहिणीचं लग्न झालेलं. राहता राहिलो मी, मार्चच्या परीक्षेची वाट बघत घरात बसलेला आणि समोर कुणी आलं की मान खाली घालणारा. नाना बूट घालताना म्हणाले, "रसायनात गेलायस ना? मग कर आता चुलीपुढे प्रात्यक्षिकं." ते रागाने बोलले नव्हते, पण मला लागलं. मला अपराधी वाटायला तेव्हाही फारसं कारण लागत नसे, आणि पन्नाशी उलटली तरी त्यात काही फरक पडलेला नाही. आईचा हात गळ्यात अडकवलेला पाहिला की तोही मीच मोडलाय असं मला वाटायचं.

आमचं घर भिवंडीच्या जुन्या वस्तीत, पण मागच्या भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दिवसरात्र खटखट चालायची. ताटाशेजारी ठेवलेल्या भांड्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उमटत राहायची आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पाहुणे मात्र मोठ्याने बोलायला लागायचे. शुक्रवारी कारखाने बंद. त्या दिवशी सकाळी जाग यायची ती शांततेने. भिंतीपलीकडून माणसांची बोलणी ऐकू यायची, कुणीतरी कपडे आपटायचं, कुठेतरी फोडणी चुरचुरायची, आणि आपलं गाव एवढे आवाज करतं हे आठवड्यातून एकदाच कळायचं.

आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि मला शिकवायची. तिचा पेशाच तो. नगरपालिकेच्या मराठी शाळेत ती तिसरीला शिकवायची, शाळा दुपारची. "मीठ घाल अंदाजाने," ती म्हणायची. "अंदाजाने म्हणजे किती?" "तुला कळेल तेवढं." "कळत असतं तर विचारलं असतं का?" यावर ती हसायची. खरी अडचण पुढेच होती. आमच्याकडे देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही, असा आईचा कडक नियम. तिला हाताचा अंदाज होता म्हणून तिचं निभलं. मला ना अंदाज, ना चाखायची परवानगी. त्यामुळे आमच्या घरच्या देवांनी त्या हिवाळ्यात काय काय सोसलं ते त्यांनाच ठाऊक. नाना पहिला घास घ्यायचे, उठायचे आणि मिठाची बरणी घेऊन परत बसायचे. कधी बरणी आणून उपयोग नसायचा, तेव्हा नुसतेच माझ्याकडे बघायचे.

या सगळ्यात आईने आणखी एक काम ओढवून घेतलं. एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. केसांत, भुवयांत सुताची बारीक पिंज अडकलेली, डोळे रात्रपाळीने लाल. शेजारी झगा घातलेली एक किडकिडीत मुलगी. तो नरसय्या. लूम चालवायचा. मूळचे ते तेलुगू बोलणारे लोक, पण त्याचे वडीलच इथे आलेले, त्यामुळे त्याचं हिंदी भिवंडीचं आणि मराठी कामापुरतं. श्रीलता त्याची थोरली, आईच्या वर्गात होती.

"बाई, इसका नाम काट दो," तो म्हणाला. "तिसरीत आली, पढ़ना आता नहीं. बैठके सोती है बोले. सोनाच है तो मैं इसको कांडी पे बिठाता. शेठ बोला, छोटी उंगली अच्छी चलती."

कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात बसते ती सुताची नळी. त्या भरत बसायचं काम बायका आणि मुली करायच्या. एकदा तिथे बसलेली मुलगी शाळेत परत आल्याचं आईने पाहिलेलं नव्हतं. तिने श्रीलताकडे पाहिलं. मुलगी खाली मान घालून अंगठ्याने उंबरा कोरत होती.

"होळीपर्यंत द्या मला," आई म्हणाली. "रोज सकाळी इथे घरी पाठवा. होळीला तुम्ही या. तुमच्यासमोर वाचेल. नाही वाचलं तर मी अडवणार नाही."

"क्या पढ़ेगी?"

"तुम्ही द्याल ते."

तो गेल्यावर मी आईला म्हणालो, "आणि नाही वाचलं तर?" आई प्लास्टरच्या कडेने खाजवत म्हणाली, "तू आधी कुकरची शिटी बघ."

असा आमच्या बाहेरच्या खोलीत सकाळचा वर्ग सुरू झाला. वर्गात मागे पडलेली चार-पाच मुलं नवाच्या सुमाराला यायची, वाचायची, आणि तिथूनच आईबरोबर शाळेत जायची. मुलं उपाशी असतील तर शिकत नाहीत एवढं आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज ती वाचन संपल्यावर विचारायची, "कोण कोण जेवलेलं नाही?" जे नाही म्हणतील त्यांना माझ्या हातचा वरणभात. जे जेवून आले असतील त्यांनी मुकाट्याने पाढे म्हणायचे. जेवणावर जेवलं तर शाळेत पोट धरून बसतील, असं तिचं म्हणणं.

रोज नाही म्हणणारा एक ठरलेला होता, गुरुनाथ. जवळच्या खारबाव गावचा मुलगा, शाळेसाठी मामाकडे राहायचा. गोलमटोल, टुणटुणीत. आईने विचारलं की हा खणखणीत आवाजात सांगायचा, "न्हाय जेवलो, बाई!" आणि ताटावर बसला की वर मलाच शिकवायचा. "दादा, आज वरनात मीठ न्हाय. काल दोन दिवसांचा घातलास काय?" आई त्याच्या मामाला नावं ठेवायची. "पोराला सकाळचं दोन घास घालायला होत नाही मेल्यांना."

श्रीलताला विचारलं की ती हळूच म्हणायची, "टिफिन झालं, बाई." रोज तेच. आई समाधानाने मान हलवायची. "बघ, गरीब आहेत, पण आई बिचारी सकाळी उठून डबा करते." आणि मी श्रीलताच्या समोर गुरुनाथला वाढायचो, त्याच्याशेजारी बसून स्वतःही जेवायचो. ती सातचा पाढा म्हणत राहायची.

वाचनात तिची प्रगती काही होत नव्हती. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं की तिचे डोळे जड व्हायचे, अक्षरं सुटी सुटी निघायची, ओळ संपेपर्यंत सुरुवात हरवलेली असायची. आईचा धीर खचत चालला होता. एका शुक्रवारी मात्र मी आत पोहे निवडत होतो आणि बाहेरून कुणीतरी धडाधड वाचत असलेलं ऐकू आलं. कोल्ह्याची गोष्ट. आवाज ओळखीचा वाटेना. मी दारात आलो तर श्रीलता. मान वर, बोट ओळीवरून पळतंय, मधेच कोल्ह्याचा आवाज काढून स्वतःच हसतेय. आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मला अजून आठवतो, भीत भीत आनंद झालेला.

शनिवारी पुन्हा तीच गोष्ट काढली. श्रीलता पहिल्याच शब्दाला अडली.

पुढच्या शुक्रवारी परत धडाधड. शनिवारी परत ठप्प.

रसायनशास्त्र मला कधी असं ओढून घेऊ शकलं नव्हतं. मी दिवसभर याचाच विचार करू लागलो. शुक्रवारी काय वेगळं असतं? उत्तर तर भिंतीपलीकडेच होतं. शुक्रवारी लूम बंद! बाकीचे दिवस ही मुलगी त्या खटखटीत झोपते, उठते, वाचते. तिला स्वतःचा आवाजच ऐकू येत नसणार. मला इतका आनंद झाला की त्या भरात मी भाजी करपवली. रात्री नानांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग गुरुनाथ त्याच खटखटीत कसा वाचतो?" मी म्हणालो, "तो खारबावचा आहे." हे उत्तर मला त्या वेळी पुरेसं वाटलं.

मी श्रीलताला आतल्या खोलीत बसवलं, खिडक्या लावल्या, फटीत गोधड्या कोंबल्या. काही फरक पडला नाही. "आवाज कमी झालाय, बंद नाही," मी आईला म्हणालो. "तिला खरोखर शांत जागी नेलं पाहिजे." आईला माझा हा उत्साह वायफळ वाटत असणार, पण होळी जवळ येत होती आणि तिच्याकडे दुसरा उपाय नव्हता. गुरुनाथचा मामा दर रविवारी टेम्पो घेऊन खारबावला जायचा. आईने नरसय्याला विचारलं आणि आम्हा तिघांना पाठवलं.

गुरुनाथच्या घरामागे चिंचेचं झाड होतं. तिथे अशी शांतता की पान पडलेलं ऐकू यावं. आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले असतील. गुरुनाथची आई अंगणात आली आणि त्याला पोटाशी धरून म्हणाली, "जेवलास का रं?"

"न्हाय. मामीनं दोन भाकऱ्या, सुकट आन चाय दिली."

"मंग उपाशीच हायस की! बस, भात टाकतंय."

मी ऐकलं आणि तसंच सोडून दिलं, कारण माझं सगळं लक्ष प्रयोगाकडे होतं. श्रीलताला चिंचेखाली बसवलं, पुस्तक उघडलं. तिने ओळीवर बोट ठेवलं. "ए... का... ए का... गा..." आणि थांबली. डोळे मिटायला आले. एवढ्या शांततेत तिचं अडखळणं आणखी केविलवाणं वाटत होतं. माझा सिद्धांत तिथेच मेला. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. एका मुलीची शाळा सुटणार होती आणि मी गोधड्या कोंबत बसलो होतो.

मग जेवण झालं. भाताचा ढीग, त्यावर कालवण. "लाजतेस कनाला गो बाय? ह्यो काय चिमनीचा घास हाय? घे आजून," असं म्हणत गुरुनाथची आई तिच्या ताटात वाढत राहिली आणि श्रीलता मान खाली घालून जेवत राहिली. मी तिला याआधी कधी जेवताना पाहिलंच नव्हतं. हात धुऊन ती चिंचेखाली गेली, झग्याचा घोळ भरून चिंचा वेचल्या, आणि मग कुणी सांगितलं नसताना पुस्तक उघडून समोरच्या कोंबड्यांना कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवायला लागली. एकदाही अडखळली नाही. गुरुनाथ ओरडला, "दादा, आज शुक्रवार हाय काय?"

परतताना मी टेम्पोत विचार करत होतो. शांतता जेवणाआधीही होती, नंतरही होती. एवढं असूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. घरी येऊन मी आईला सांगितलं, "खारबावची हवा मानवते तिला." आई म्हणाली, "मग काय, हवा बाटलीत भरून आणू?"

श्रीलताची चिंचांची पुरचुंडी आमच्याकडेच राहिली होती. सोमवारी सकाळी ती यायच्या आधीच मी पुरचुंडी घेऊन तिच्या घरी गेलो. कारखान्याच्या पडवीला लागून एक खोली. दारातच तिची आई कांड्या भरत होती, एका हातात सूत, एका हाताने चक्र. तिचं काम पहाटेच सुरू झालेलं दिसत होतं, कारण भरलेल्या कांड्यांनी टोपली निम्मी भरली होती. मला पाहून ती ओढणीने तोंड पुसत हसली. "बैठो भैया. बाई का बेटा ना? टिफिन करो."

मी नको नको म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला उत्सुकता होती. रोज सकाळी होणारा तो टिफिन काय असतो ते बघायचं होतं. मनात इडली होती, निदान उपमा. श्रीलता आतून स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली आणि बशीत एक बटर. बेकरीत मिळतो तो कडक, गोल, कागदाच्या पुडीतला. शेजारी तीही तिचा पेला घेऊन बसली. तिच्याकडे अर्धा बटर होता, दुसरा अर्धा धाकट्या भावाकडे. तिने तो चहात बुडवला, खाल्ला, चहा प्यायली आणि पेला विसळून पालथा घातला.

"टिफिन झालं," ती माझ्याकडे बघून म्हणाली, आणि दप्तर उचललं.

मी तिच्या आईला विचारलं, "रोज यही?" ती म्हणाली, "सुबू को टिफिनच ना भैया. खाना रात को, ये ड्यूटी पे जाते तब. मैं इधर बैठी, चूल्हा कौन करेगा? शुक्रवार को छुट्टी, तब सुबूच पकाती मैं. चावल, चारू, सब." चारू म्हणजे त्यांचं चिंचेचं पातळ सार. ती चक्र फिरवत बोलत होती आणि माझ्या हातातला बटर चहात विरघळून खाली गेला होता.

मी घरी धावत आलो. आई एका हाताने वेणी घालायचा प्रयत्न करत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. टिफिन म्हणजे डबा नव्हे. टिफिन म्हणजे अर्धा बटर. आणि गुरुनाथचं "न्हाय जेवलो" म्हणजे दोन भाकऱ्या आणि सुकट, फक्त भात नाही. आई वेणी सोडून बसली.

"मी रोज विचारत होते रे," ती म्हणाली. "रोज."

"विचारत होतीस, पण आपल्या मराठीत."

असं बोलायला नको होतं. ती उठून देवापाशी गेली आणि उगाचच फुलं नीट करत बसली. आज मी स्वतः शिक्षक आहे. भिवंडीबाहेर वडप्याच्या बाजूला शाळा आहे माझी, गोदामांत काम करणाऱ्यांची मुलं, दर वर्षी नव्या गावांची. दुपारी खिचडी येते, सगळ्यांना मिळते. तरी सकाळी वर्गात कुणाची मान कलंडली की मी "जेवलास का?" असं विचारत नाही. "काय काय खाल्लंस, सांग," असं विचारतो. मुलांना हा गमतीचा खेळ वाटतो. मला त्या वेळी आईची पाठ दिसते.

त्याच दिवसापासून आईने क्रम बदलला. आधी ताटं, मग पुस्तकं. पण श्रीलता ताटावर बसेना. "टिफिन झालं, बाई," एवढंच. आईने सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. मुलगी ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली. न जेवलेल्यांच्या रांगेत बसायचं नव्हतं तिला. तिच्या आईने तिला सकाळी खायला दिलं होतं, आणि दिलं नाही असं कुणी म्हटलेलं तिला चालणार नव्हतं. गुरुनाथ मात्र भाकरीचं गुपित फुटल्यापासून हवालदिल होता. "बाई, मला आता भात न्हाय काय?" त्याचे डोळे भरून आले. आईने त्यालाही वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी चिंच घालून आमटी केली. उकळी आली, मीठ टाकलं, आणि पळीत घेऊन तसाच उभा राहिलो. चाखता येत नव्हती. दारात श्रीलता उभी होती.

"अगं," मी म्हणालो, "मला चारू जमत नाही. जरा बघ ना, बरोबर झालंय का?"

ती आत आली. मी पळीतली आमटी वाटीत ओतली. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आई खुर्चीवर बसून बघतेय आणि नैवेद्याचं ताट अजून रिकामं आहे. मी वाटी धरून थिजलो. आईने नजर खिडकीकडे वळवली. श्रीलताने चव घेतली, विचार केला. "आंबट कमी." मी चिंच पिळली. "आता?" "आता मीठ." मी मीठ घातलं. "भातावर घेऊन बघ, त्याशिवाय कळत नाही," मी म्हणालो. तिने भातावर घेतली. आणखी भात लागला. अशी वाटी संपली, मग ताट. तिथेच ओट्याला टेकून, उभ्या उभ्या, चवी घेत घेत तिचं पोटभर जेवण झालं. मग बाहेर जाऊन ती वाचायला बसली. मंगळवार होता. भिंत थरथरत होती आणि आतपर्यंत कोल्हा ऐकू येत होता.

त्यानंतरच्या दिवशी मी संकोचाने आधी नैवेद्याचं ताट घेतलं, तर आई म्हणाली, "ते राहू दे. आधी तिला चव बघू दे." तिच्या तोंडून हे ऐकून नानांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांना काही कळलं नसावं, पण जेवताना ते मिठाच्या बरणीसाठी उठले नाहीत.

होळीच्या आदल्या सकाळी नरसय्या आला. रात्रपाळी संपवून तसाच, केसांत पिंज घेऊन. रिकाम्या हाताने यायचं नाही म्हणून बटरची पुडी आणलेली. तो उंबऱ्याच्या आतही येईना. आईने त्याला बसवलं आणि विचारलं, "काय वाचायला देता?" बिचारा गोंधळला. त्याच्याकडे काय असणार? आईने पुडी उचलली, बटर ताटात काढले आणि चुरगळलेला कागद मांडीवर सरळ केला. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा. तिने तो श्रीलताकडे दिला. माझ्या हातातली पळी गळत होती आणि मला ते कळत नव्हतं.

श्रीलताने तेलकट डाग पडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "जल... वाहिनीच्या..." ती थांबली. नरसय्याने आईकडे पाहिलं. आई श्रीलताकडे बघत होती. "जलवाहिनीच्या दुरुस्तीमुळे शहराच्या काही भागांत उद्या पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी पाण्याचा साठा करून ठेवावा." पुढे तुकडा फाटलेला होता, तरी तिने अर्ध्या शब्दापर्यंत वाचलं.

"क्या लिखा?" नरसय्याने विचारलं.

"कल पानी नहीं आएगा," ती म्हणाली.

तो पटकन उठलाच. "कल? होली को?" मग हा जुना कागद आहे हे लक्षात आलं आणि एवढा हसला की त्याच्या केसांतली पिंज खांद्यावर पडली. हसू ओसरल्यावर त्याने कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला, घडी करून खिशात ठेवला. "चौथी तक देखते, बाई," तो म्हणाला. त्यापुढचं वचन त्याने दिलं नाही आणि आईनेही मागितलं नाही.

तो पायरी उतरून गेला. ताटातले बटर तसेच होते. आईने एक उचलून श्रीलताच्या हातात दिला. तिने तो तिथेच उभ्याने कुरतडत संपवला, झग्याला हात पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन माझ्याकडे बघत म्हणाली,

"दादा, टिफिन झालं. जेवायचं राहिलंय."